मुदत कोणाच्या खर्चाने? दर्शनी हुंडीपासून 'टी अधिक दोन'पर्यंत

१/
आजचा धागा लढाईचा नाही, किल्ल्याचाही नाही. तो वाटेत अडकलेल्या पैशाचा आहे. ऑनलाइन विक्री करणारा लहान व्यावसायिक आज दोन तक्रारी करतो: पैसे खात्यात उशिरा येतात आणि येताना कापले जातात. या दोन्ही तक्रारी जुन्या आहेत. मात्र जुन्या व्यवहारात उशिराला नाव होते, भाव होता आणि जबाबदार माणूसही होता. आज त्यांतले काय उरले आहे, हे तपासणे हा या धाग्याचा हेतू.

२/
आरंभ हुंडीपासून करू. आज 'हुंडी' म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे हवाल्याचा काळा पैसा येतो. ही समजूत अपुरी आहे. हुंडी ही कित्येक शतके या देशातील व्यापाराची उघड, प्रतिष्ठित आणि सर्वमान्य पद्धत होती. उत्तरेत गोळा झालेली चौथाई आणि खंडणी पुण्यास पोहोचवायची, तर रुपयांच्या थैल्या बैलांवर लादून चोरवाटांनी आणण्यापेक्षा सराफाकडे रक्कम भरून पुण्यातील पेढीवर हुंडी करून घेणे शहाणपणाचे होते. पेशवेकालीन कागदपत्रांत हुंड्यांचे उल्लेख पानोपानी सापडतात, ते याच कारणाने.

३/
हुंडीचा मजकूर पाहण्यासारखा असे. रक्कम नुसत्या आकड्यात लिहून भागत नसे. ती अक्षरी लिहायची, मग तिची निमे रक्कम सांगायची आणि त्या निम्म्याची दुप्पट म्हणजे पुरी रक्कम, असे पुन्हा नोंदवायचे. शंभराची हुंडी असेल तर 'निमे पन्नास, त्याचे दुप्पट' असा उल्लेख यायचा. एक शून्य वाढवून हजार करू पाहणाऱ्याला तीन ठिकाणी खोटे लिहावे लागेल, अशी ही तजवीज. खाडाखोडीविरुद्धचे हे कुलूप शाईचे होते.

४/
प्रकारांची नावे मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सारा मुद्दा त्यांवर उभा आहे. दाखवताक्षणी पैसे मोजायचे ती दर्शनी हुंडी. ठरलेल्या दिवसांनी मोजायचे ती मुदती. प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या हातीच पैसे द्यायचे ती शहाजोग. माल सुखरूप पोहोचला तरच पैसे देणे लागू होते ती जोखमी. म्हणजे पैसे केव्हा मिळणार, कोणाला मिळणार आणि धोका कोणाच्या माथी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे हुंडीच्या प्रकारावरूनच कळत.

५/
हे काम फुकट होत नसे. हुंडी करून देण्याचा जो आकार, त्याला हुंडणावळ म्हणत. तॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात सुरतेवर लिहिल्या जाणाऱ्या हुंड्यांचे दर दिले आहेत. अहमदाबादेहून शेकडा १ ते १.५, आग्र्याहून शेकडा ४ ते ५ च्या आसपास, तर दूरच्या ढाक्याहून शेकडा १० पर्यंत. दर चढे का, तेही तो सांगतो: वाटेत माल लुटला गेला तर नुकसान पैसे देणाऱ्याचे. म्हणजे त्या दरात वाहतूक होती, व्याज होते आणि विमाही होता.

६/
त्यावर आणखी बट्टा. अंकुशी, चांदवडी, मलकापुरी, हाली असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच बाजारात फिरत. एका टाकसाळीचा रुपया दुसऱ्या मुलखात पूर्ण भावाने चालेलच असे नाही. तो पारखायला पोतदार आणि बदलायला सराफ. प्रत्येक वळणावर थोडे कापले जाई. कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या ताब्यातील मुलखासाठी एकच रुपया ठरवला, तरी जुनी नाणी लगेच नाहीशी झाली नाहीत. 'नावाला बट्टा लागला' असे आपण आजही म्हणतो. नाण्याची झीज अशी माणसाच्या अब्रूपर्यंत पोहोचली.

७/
इथे एक सावधगिरी. हा सुवर्णयुगाचा पोवाडा नव्हे. हुंडी ओळखीवर चाले आणि ओळख जात, कुटुंब व पेढी यांच्या वर्तुळातच फिरे. शहाजोग हुंडी वटवायला 'शहा' असावे लागे. आठवड्याच्या बाजारात भाजी विकणारी बाई त्या वर्तुळात कधीच नव्हती. आज तीच बाई टोपलीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा ठेवते आणि तिच्या खात्यात थेट रक्कम जमा होते. हा बदल मोठा आहे. जो इतिहासकार तो नाकारतो, तो इतिहास नव्हे, गतकाळाची हळहळ लिहितो.

८/
तरीही हुंडीकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिच्यात मुदत हा किमतीचा भाग होता. दर्शनीचा भाव वेगळा, मुदतीचा वेगळा. ज्याला लवकर पैसे हवेत तो वटाव देई. ज्याने हुंडी पाठवली पण समोरच्या पेढीने ती नाकारली, त्याच्याकडून नुकसानभरपाई घेण्याची रूढी होती. नाकारलेली हुंडी ही पेढीची बेअब्रू मानली जाई. वेळ फुकट नाही, हे सगळ्या बाजारास ठाऊक होते आणि उशीर झाला तर कोणाचे दार ठोठावायचे, हेही ठाऊक होते.

९/
आता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या. १८७७ साली टपाल खात्याने व्हॅल्यू पेयेबल पोस्ट, आपल्या परिचयाची 'व्ही.पी.', सुरू केली. पोस्टमन पार्सल घेऊन दारी जाई, गिऱ्हाइकाकडून किंमत घेई आणि ती रक्कम टपाल खाते विक्रेत्याला पाठवी. विक्रेता आणि अनोळखी गिऱ्हाईक यांच्यामध्ये विश्वासू तिऱ्हाईत उभा करण्याची ही युक्ती. आजचा पेमेंट गेटवे याच कुळातला. मराठी पुस्तके आणि मासिके गावोगाव गेली त्यात या दोन अक्षरांचा वाटा मोठा आहे. परत आलेल्या व्ही.पी.चा टपालखर्च अंगावर पडला की प्रकाशकांचा जीव कसा कासावीस होई, तेही जुने संपादक लिहून गेले आहेत.

१०/
१८८० च्या १ जानेवारीपासून टपाल खात्याची मनिऑर्डर आली. मुंबईच्या गिरणीत राबणारा चाकरमानी आणि रत्नागिरीकडचे त्याचे घर यांना जोडणारा हा दोर. ती स्वस्त नव्हती. आपल्या आईवडिलांच्या काळात तिची कमिशन दर २० रुपयांमागे १ रुपया, म्हणजे शेकडा ५ होती. पण पाठवणाऱ्याच्या हाती लगेच पावती येई आणि पैसे पोहोचल्यावर घेणाऱ्याच्या सहीची किंवा अंगठ्याची पोच परत येई. पैसा कोठे आहे, हे कागदावर कळत असे. पैसे देऊन माणूस निदान एवढी निश्चिंती विकत घेई.

११/
कायद्यानेही हे तत्त्व मानले. १८८१ चा 'निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट', म्हणजे चेक वटला नाही की ज्याचा आज आधार घेतात तोच कायदा, देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना आरंभीच संरक्षण देतो. त्याचे ८० वे कलम सांगते की पत्रात व्याजाचा दर लिहिलेला नसेल, तर रक्कम ज्या दिवशी द्यायला हवी होती त्या दिवसापासून व्याज लागू होईल. मूळ दर शेकडा ६ होता, १९८८ च्या दुरुस्तीने तो शेकडा १८ झाला. उशीर झाला तर त्याची किंमत उशीर करणाऱ्याने मोजावी, हा या कलमाचा सरळ अर्थ.

१२/
आता आजच्या बाजारात येऊ. यूपीआय २०१६ साली आले. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरील व्यवहारांसाठी दुकानदाराकडून घ्यायचा आकार शून्य करण्यात आला. हुंडणावळीच्या एवढ्या मोठ्या इतिहासात ही घटना विलक्षण आहे. चहावाल्याच्या दहा रुपयांतले दहाही रुपये त्याच्याच खात्यात जातात. तेव्हा 'डिजिटल म्हणजे लूट' असा सरसकट आरोप मला मान्य नाही. प्रश्न दुसऱ्या वाटेचा आहे.

१३/
ती दुसरी वाट अशी. कोणी आपल्या संकेतस्थळावर हातमागाच्या साड्या, मसाले, दिवाळी अंक किंवा मातीची भांडी विकतो. गिऱ्हाईक क्रेडिट कार्ड, नेटबँकिंग, वॉलेट असे काहीही वापरते. हे सर्व मार्ग एकट्या दुकानदाराला जोडता येत नाहीत, म्हणून मध्ये एक पेमेंट सेवा येते. गिऱ्हाइकाचे पैसे प्रथम त्या सेवेच्या बँकेतील एस्क्रो खात्यात जातात. तेथून आकार कापून उरलेली रक्कम दुकानदाराला मिळते. केव्हा? 'टी अधिक दोन', 'टी अधिक तीन'. टी म्हणजे व्यवहाराचा दिवस. पुढचे आकडे बहुधा कामकाजाच्या दिवसांचे. मध्ये रविवार आला, सण आला, की मुदत आपोआप लांबते.

१४/
कापणीचा हिशेब करून पाहा. आकार शेकडा २ धरला आणि नेटबँकिंगने झालेली विक्री १,००० रुपयांची, तर २० रुपये आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३ रुपये ६० पैसे. हाती आले ९७६ रुपये ४० पैसे. आता विक्रेत्याचा नफा शेकडा १५ असेल, तर त्याच्या १५० रुपयांतले २३ रुपये ६० पैसे गेले. बाहेरून शेकडा २ वाटणारा आकार नफ्याच्या जवळजवळ शेकडा १६ ठरतो. ज्याची जीएसटी नोंदणी नाही, त्याला ते ३.६० वळते करून घेण्याचीही सोय नाही.

१५/
उशिराचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून तो आपण मांडू. रोजची विक्री ५,००० रुपये आणि पैसे तीन दिवसांनी येतात. मग या दुकानदाराचे १५,००० रुपये बारमाही वाटेतच असतात. कच्चा माल आणायला तेवढी रक्कम त्याने महिना शेकडा २ दराने उचलली, तर महिन्याला ३०० रुपये व्याज. पेमेंट सेवेच्या विवरणपत्रात हे ३०० रुपये कोठेही दिसत नाहीत. ते सावकाराच्या वहीत दिसतात. ही आजच्या काळातील अदृश्य हुंडणावळ आहे.

१६/
हे माझ्या अनुभवाशीही जुळते. आम्ही काही विद्यार्थ्यांनी वीरगळांवर एक पुस्तिका छापली आणि दिवाळीच्या आधी ऑनलाइन नोंदणी घेतली. नोंदणी अपेक्षेपेक्षा वाढली आणि नेमक्या त्याच कारणाने ती सेवा सावध झाली. खाते 'तपासणीखाली' गेले. अकरा दिवस रक्कम अडकली. प्रत्येक विचारणेला तेच साचेबंद उत्तर आले, खाली माणसाचे नाव नाही. छापखान्याचे बिल एका मित्राच्या वडिलांनी भागवले. आमचे पोट त्यावर नव्हते. ज्यांचे आहे, त्यांची दिवाळी अशा अकरा दिवसांत हातची जाते.

१७/
याहून विचारात पाडणारी गोष्ट म्हणजे 'तत्काळ जमा' ही सोय. थोडा जादा आकार द्या, पैसे लगेच घ्या. इतिहासाचा विद्यार्थी म्हणेल, हा तर मुदती हुंडीवरचा वटाव. दिसायला तसे आहे, पण एक मूलभूत फरक आहे. मुदती हुंडीत पैसा अजून आलेला नसे. तो पुढे येणार म्हणून आज कमी घ्यायचा, हा न्याय. इथे गिऱ्हाइकाने पैसे मोजलेले असतात. ती उधारी नव्हे, ते रोख आहे. आपल्याच रोख पैशावर आपण वटाव देतो. जुन्या सराफाच्या पेढीवर हा प्रस्ताव कोणी मांडला असता, तर त्याला हसून वाटेला लावले असते.

१८/
दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पेमेंट सेवा उगाच पैसे अडवत नाहीत. कार्डचोर असतात, बनावट दुकाने असतात. गिऱ्हाईक महिन्याभराने 'माल मिळालाच नाही' म्हणून पैसे परत मागते, तेव्हा दुकानदार गायब असेल तर भुर्दंड सेवेला बसतो. ही जोखीम खरी आहे आणि जोखमी हुंडीनेही तिची किंमत लावलीच होती. तेव्हा रक्कम कधीच रोखू नका, अशी मागणी पोरकट ठरेल. पण रोखण्याचे कारण, मुदत आणि त्या काळाचे व्याज यांविषयी काहीच न बोलणे, हे जोखीम सांभाळणे नव्हे. ती सारी जोखीम दुबळ्या बाजूवर ढकलणे आहे.

१९/
नियम नाहीत असेही नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. बँक नसलेल्या पेमेंट सेवांनी परवानगी घ्यावी, दुकानदारांचा पैसा वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावा आणि ठरलेल्या दिवसापासून एका दिवसात तो द्यावा, असे त्यांत होते. मेख त्या 'ठरलेल्या दिवसात' होती. करारानुसार तो माल पोहोचल्याचा दिवस असू शकत होता किंवा परताव्याची मुदत संपल्याचाही. म्हणजे घड्याळ नियमाचे, पण ते सुरू कधी होणार हे करारात ठरत होते. त्याच तत्त्वांनी एस्क्रो खात्यात सतत शिल्लक राहणाऱ्या रकमेच्या एका भागावर, काही अटी घालून, सेवेला व्याज मिळवण्याची मुभा दिली. थांबलेल्या पैशाला व्याज असते, हे सर्वांना मान्य आहे. फक्त ते दुकानदाराला मिळत नाही.

२०/
अशा वेळी काय करावे, याचे एक उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले. पुणे आणि नगर भागांत ते लोण पसरले. उठावात प्रामुख्याने लक्ष्य झाली ती खतपत्रे. जो कागद वाचता येत नाही पण ज्याच्यावर अंगठा आहे, त्या कागदाविरुद्धचा हा संताप होता. मी त्या हलाखीची बरोबरी आजच्या ऑनलाइन दुकानदाराशी करत नाही. पण न वाचलेल्या अटींखाली 'मान्य आहे' असे बटण दाबताना आपण अंगठ्यापासून फार दूर आलो आहोत, असेही म्हणवत नाही.

२१/
त्या उठावानंतर चौकशी झाली आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्याच्या इतर तरतुदींवर पुष्कळ वाद झाले, व्हायला हवेत. मला त्यातील एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याला भरलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. सावकारी बंद झाली नाही, व्याजही थांबले नाही. पण वही एकट्या सावकाराची राहू नये, हे कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे सांगितले.

२२/
आजची मागणी याच परंपरेतील आहे आणि ती चार ओळींची आहे. एक, पैसे किती दिवसांत मिळणार ते कराराच्या पहिल्या पानावर, दुकानदाराला वाचता येईल अशा भाषेत लिहा. दोन, रक्कम रोखली तर कारण आणि कमाल मुदत लेखी कळवा. तीन, ठरलेल्या दिवसापलीकडे रोखलेल्या आणि अखेर निर्दोष ठरलेल्या रकमेवर व्याज द्या. चार, उत्तर देणाऱ्या माणसाला नाव असू द्या. फसलेल्या व्यवहाराचा परतावा लांबला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये केलाच आहे. उशिराला दर लावता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. तोच न्याय रोखलेल्या रकमेलाही लावा.

२३/
'मग फक्त यूपीआय घ्या' असा सल्ला उत्तरांत येईलच. ज्याची सर्व गिऱ्हाइके यूपीआय वापरतात त्याने जरूर घ्यावे. पण परदेशातून दिवाळी अंक मागवणारा वाचक किंवा हप्त्यांवर पैठणी घेणारी ग्राहक कार्डच वापरते. 'दुसरी सेवा शोधा' हा सल्लाही अर्धाच आहे. अटी सर्वत्र सारख्या असतील, तर दार बदलून घर बदलत नाही.

२४/
आर्थिक इतिहास हा रुक्ष आकड्यांचा विषय आहे, असे तरुण वाचकांना वाटते. वस्तुतः तो सत्तेचा इतिहास आहे, कारण वाट कोणी पाहायची हे सत्ताच ठरवते. हुंडीच्या काळात मोठी पेढी वाट पाहायला लावी आणि लहान माणूस पाही. मनिऑर्डरच्या काळात गावातले घर पोस्टमनची वाट पाही. साधने झपाट्याने बदलली. वाट पाहणारा बदललेला नाही. त्याच्या वाट पाहण्याला भाव मिळावा, एवढेच म्हणणे आहे.

२५/
शेवटी एक विनंती. तुमच्या घरी जुन्या वह्या, रोजमेळ, हुंड्या, मनिऑर्डरच्या पोचपावत्या असतील तर त्या रद्दीत घालू नका. हुंडणावळ किती, मुदत किती, वटाव किती, हे त्या कागदांवरूनच उद्याचा अभ्यासक सांगू शकेल. आणि तुमच्यापैकी कोणी लहानसा व्यवसाय करत असेल, तर या महिन्याचे पेमेंट सेवेचे विवरणपत्र उतरवून ठेवा. विक्रीचा दिवस आणि जमेचा दिवस शेजारी शेजारी लिहा. ती तुमची वही आहे. पुढे हक्क मागताना तीच उपयोगी पडेल.